पट्टी

शाळेत ती लाकडी, फूटभर,
समास आखायची
आणि हातावर बसायची तीही तीच.
जखमेवर बांधायची कापसाची.
दशावताराच्या पेटीवर काळी चार.
आणि मे महिन्यात दलालाकडून टपालाने यायची
ती आंब्याची पट्टी:
वर पेट्यांचा आकडा,
खाली आडत, हमाली, तोलाई,
अगदी तळाला उरलेलं,
जे वडील दोनदा वाचून
उशीखाली ठेवत.

पुढे मी ग्रामपंचायतीत चिकटलो.
एकतीस वर्षं पावत्या फाडल्या.
घरपट्टी. पाणीपट्टी. दिवाबत्ती.
कार्बन उलटा लागला की
पावतीच्या पाठीवर उलटी नावं,
जशी आरशातली माणसं.

उधळपट्टी हा शब्द ऐकला तेव्हा
मी सहा वर्षांचा.
पडवीत काका वडलांना बजावत होता,
"आता ही तुझी उधळपट्टी पुरे."
वडलांनी देवगडहून रेडिओ आणला होता.
मी आईला विचारलं,
ही पट्टी घेता कोण?
आई चूल फुंकत होती.
"जो मागूक येणा नाय, तो," म्हणाली
आणि पुन्हा फुंकू लागली.

उधळणं तसं वाईट क्रियापद नव्हे.
गुलाल उधळतात.
पण बैल उधळतो, सभा उधळते,
लग्न उधळलं तर दोन गावांत
पिढीभर बोलणं बंद.
अक्षता मात्र कुणी उधळत नाही, टाकतात;
ते तांदूळ मोजून घेतलेले असतात.
पैशाला लागलं की
याच क्रियापदाला शेपूट फुटतं,
जणू दर मार्चअखेर
कुणीतरी वसुलीला येणार आहे.

तांबळडेगच्या द्वारका खवणेकरणीची
दोन वर्षांची घरपट्टी थकलेली,
सहाशे चाळीस.
नवरा गेलेला. होडी सुरूंखाली पालथी,
चार पावसाळे.
शेवटी भट्टीवाल्यानं ती
जळाऊ लाकडाच्या भावानं घेतली.

आणि होडी फोडायच्या दिवशी
बाईनं बँड आणला.
नऊ माणसं, लाल डगले,
क्लॅरिनेट खाऱ्या वाऱ्यात घसरत होतं.
नाळेला हळद, अबोलीचा वळेसर,
पहिली कुऱ्हाड पडायच्या आधी नारळ.
सगळ्या वाडीला खाजं वाटलं.
वाडीनं खाजं खाल्लं
आणि बोटं चाटत म्हटलं:
उधळपट्टी.

मी पावतीपुस्तक घेऊन गेलो.
ती अंगणात एका फळीवर बसलेली,
तेवढी एक मागे ठेवली होती,
डांबराचा वास अजून तिला.

"होडी पाण्यात घातली तेव्हा," ती म्हणाली,
"त्येंका बँड सांगूचो होतो.
मीच नको म्हटलंय.
म्हटलंय, कसली ही उधळपट्टी.
ते हसले. बिनबँडाचीच घातली."

मग माझ्या पुस्तकाकडे हनुवटी करून,
"हेच्यात असो रकानो आसा?
आसलो तर लिही, भरतंय."

मी पाहिलं. खरंच पाहिलं,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
छापील रकाने वाचावेत तसं.
घर. पाणी. दिवाबत्ती. इतर.
'इतर'च्या पुढे
टिंबांची एक लांब ओळ.

तिनं चाळीस रुपये दिले.
चाळीसची पावती फाडली.
बाकी येणे.

तिठ्यावर बँडवाले एस.टी.ची वाट बघत होते.
डगले काढून खांद्यावर, आत साधे बनियन.
क्लॅरिनेटवाला, पोरगाच होता,
तोंडाची पुंगळी फडक्यानं पुशीत होता.
विचारलं, बाईनं पैसे दिले?
"ठरलेले दिले," म्हणाला.
"होडी फुटून संपली, तरी म्हणाली,
परत एकदा वाजवा, सुरुवातीपासून.
आम्ही वाजवलं."

मी म्हटलं, मग त्याचे?

तो सुरूंकडे बघत होता.
"त्याचे काय मागायचे," म्हणाला.